आप्पांची मांडणी

रंगनाथआप्पा उदावंतांच्या अंगणात कोणी भिंतीतून आत शिरलं, की ते त्याला परत बाहेर पाठवत. भिंती खडूच्या होत्या. फरशीवर ओढलेल्या. सकाळी दूधवाला नेहमीच्या सवयीने सरळ पायरीकडे निघाला, की आप्पा ओट्यावरून ओरडत, "अय! भिंतीतून कुठं? दार तिकडं हाय." दूधवाला कॅन घेऊन मागे फिरायचा, दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेतून पुन्हा आत यायचा आणि मग त्याला प्रश्न असायचा, "आत आल्यावर पहिलं काय दिसलं?"

पहिल्या दिवशी त्याने खरं उत्तर दिलं. "तुम्ही."

ते चुकलं. तिथे राणीहार दिसायला हवा होता.

शिरूरच्या जुन्या बाजारात उदावंतांची सराफी पेढी आहे. गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागे तिजोरी, एक काचेचं कपाट. गिऱ्हाइकाने सतरंजीवर मांडी घालून बसायचं. ही पेढी बंद करून दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर नवं दुकान टाकायचं, असं आप्पांच्या मुलाने, संदीपने, ठरवलं. गाळा घेतला. संदीप बायकोमुलांसह तिकडे राहायलाही गेला. दुकान लागलं की आप्पा आणि त्यांच्या पत्नी माई यांनी मागून जायचं होतं. दसऱ्याचा मुहूर्त होता. राहिलं होतं ते एवढंच, की आत काउंटर कसे लावायचे. मांडणी ठरवून मिस्त्रीला कामाला लावणं हे संदीपचं काम होतं. ती ठरू न देणं हे आप्पांनी स्वतःकडे घेतलं.

गाळ्याची मापं त्यांनी अंगणात उतरवली होती. काउंटर म्हणून वर्तमानपत्राची पानं अंथरली होती आणि ती उडू नयेत म्हणून त्यांच्यावर विटा ठेवल्या होत्या. खुर्च्या म्हणजे पालथ्या बादल्या. दागिन्यांच्या ट्रेमध्ये भाजी असायची. भेंड्या या पाटल्या होत्या, लिंबं ही कानातली आणि गवारीची एक जुडी बरेच दिवस मोहनमाळ म्हणून काम करत होती. दुपारी माईंना बादलीवर बसवून आप्पा समोरून माल दाखवत. "ह्या घरात आले तवापासून मला सोनं दाखवायला पहिल्यांदाच बसवलंय," माई मला म्हणाल्या, "आन् ते बी भेंडीचं." संध्याकाळी त्या तो माल निवडून फोडणीला टाकत.

मी यात ओढला गेलो, त्याला कारण रद्दी. मी समोर राहतो. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात जिल्ह्याची पानं लावण्यात माझी नोकरी झाली. निवृत्त होऊन शिरूरला परतलो, तेव्हा आता कोणी काही विचारणार नाही, अशी माझी माहिती होती. एके दिवशी आप्पांनी काउंटरसाठी जुने अंक मागितले. अंक घेऊन गेलो तर ते म्हणाले, "बरं झालं आलात, संपादक. तुमचा धंदा बी मांडनीचाच."

मी कधीही संपादक नव्हतो. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. "मग पगार कमी हुता व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि संपादक म्हणणं चालू ठेवलं.

पुण्याहून मृण्मयी मॅडम यायच्या. दुकानांच्या अंतर्गत सजावटीचं काम करणाऱ्या, शांत स्वभावाच्या बाई. ती शांतता किती टिकते ते मी पाहत होतो. त्यांनी पहिला आराखडा आणला त्यात भिंतीलगत सरळ लांब काउंटर होता. आप्पांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. म्हणाले, "तसं बेस हाय. पन..."

या 'पन'ची दहशत मी पुढे सगळ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली. आप्पा त्याच्यानंतर थांबायचे. चष्मा पुसायचे. कधी उठून पाणी प्यायला जायचे. समोरचा माणूस त्या शब्दाला धरून लोंबकळत राहायचा.

"पन हे फलाटावर हुभं ऱ्हायल्यागत झालं. गाडी आली की चढायचं."

दुसऱ्या आराखड्यात तीन बाजूंनी काउंटर आणि मध्ये मोकळी जागा होती. "तसं बेस हाय. पन ह्यो कोंडवाडा झाला. शिरलेलं जनावर दंड भरल्याबिगर सुटायचं न्हाई." तिसऱ्यात मधोमध एक सुटा काउंटर, गिऱ्हाइकाने चारी बाजूंनी फिरायचं. हा आराखडा मॅडमना स्वतःला आवडलेला असावा, कारण तो त्यांनी रंगीत काढून आणला होता. आप्पांनी तो जास्त वेळ पाहिला. "लग्नात बुफे आसतो तसं झालं," ते म्हणाले. "ताट कुठं हाय?"

मॅडमनी वही मिटली. "काका, तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगता का?"

"ते तुमी सांगायचं. तुमी शिकलेल्या."

नेमकं काय हवंय ते सांगायचं नाही, हा त्यांचा नियम होता. नाही म्हणायला मात्र रोज नवं कारण असे. दिवे पांढरे आहेत, सोनं चांदी दिसेल. दिवे पिवळे आहेत, चांदी पितळ दिसेल. काउंटर उंच आहे, म्हाताऱ्या बायकांना हनुवटी टेकवावी लागेल. काउंटर बुटका आहे, दाखवणाऱ्याची कंबर जाईल. काच मोठी आहे, लहान पोरं जिभेने चाटतील. या शेवटच्या कारणावर मॅडमनी मान खाली घातली. हसल्या की अजून काही, ते कळलं नाही.

मग इतरांची दुकानं बघायला जायचं निघालं. संदीपने आम्हा दोघांना गाडीत घातलं आणि न्हावऱ्यावरून दौंडला नेलं. तिथल्या एका मोठ्या दुकानात शिरल्यावर आप्पांनी पहिल्या खुर्चीवर बैठक मारली, उठले, दुसरीवर बसले, उठले, तिसरीवर बसून मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. काउंटरमागच्या मुलीने हसून विचारलं, "काय दाखवू आजोबा?"

"काउंटरची मागची बाजू दाखवा."

मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आला तेव्हा आप्पा दुकानाच्या बाहेर रस्त्यावर उभे होते आणि काचेतून आत पाहत होते. आत कोण बसलंय, समोर काय ठेवलंय, हे ते मला बाहेरून मोठ्याने वाचून दाखवत होते. "ती निळ्या साडीतली. मंगळसूत्र काढून दिलंय. हा, आता काट्यावर ठिवलं. बघा, समदं दिसतंय." रखवालदार जवळ येऊन उभा राहिला. संदीपने आम्हाला गाडीत घातलं. न्हावऱ्यापाशी त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "आप्पा, त्यांना वाटलं असेल आपण टेहळणीला आलोय."

"मग काय खोटं वाटलं?" आप्पा म्हणाले.

माझाही एक प्रयत्न झाला. तो मी थोडक्यात सांगतो. सराफी दुकानात मोड म्हणजे गिऱ्हाइकाने विकायला किंवा बदलायला आणलेलं जुनं सोनं. संदीपने मला सांगितलं होतं की हल्ली निम्मे लोक मोडीसाठीच येतात, आणि मोठी दुकानं त्याची पाटीच लावतात. मी वर्तमानपत्राचा विचार केला. ज्याची सगळ्यात जास्त विचारणा, ते पहिल्या पानावर, वरच्या भागात. एक पान उचललं, दाराच्या लगेच आत अंथरलं, त्यावर वीट ठेवली आणि सांगितलं, "मोडीचा काउंटर इथे. आत येणाऱ्याला शोधत फिरायला नको."

आप्पांनी वीट उचलून बाजूला ठेवली. पान उचललं, चार घड्या घातल्या, ओट्यावर ठेवलं आणि त्यावर बसले.

"पहिल्या पानावर व्हय?"

"हो."

"तुमच्या घरचं छापा की मग."

त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही. मला हे अतिशय अन्यायाचं वाटलं. रद्दी माझी होती.

गंमत अशी, की मॅडमच्या चौथ्या आराखड्यातही मोडीचा काउंटर दाराशीच होता. वर 'जुनं सोनं द्या, योग्य दर घ्या' अशी दिव्यांची पाटी आणि भिंतीवर मोठा पडदा. सोन्याचा कस मोजणाऱ्या यंत्राचा आकडा त्या पडद्यावर उमटणार, म्हणजे गिऱ्हाइकाला शंका राहायला नको. संदीप या पडद्यावर खूश होता. आप्पांनी आराखडा पाहिला आणि या वेळी 'तसं बेस हाय' सुद्धा म्हटलं नाही.

"पडदा नगं."

"का?"

"वाऱ्यानं हालंल."

"आप्पा, तो कापडाचा पडदा नाही. टीव्ही आहे."

"मग डोळ्याला तरास हुईल."

मोडीचा काउंटर त्यांनी आधी मागच्या भिंतीला नेला, मग जिन्याखाली, मग काढूनच टाकला. कारण विचारलं तर धूळ, उजेड, वारा. एकदा त्यांनी उंदीर सांगितले. संदीप कसाबसा आवाज आवरून म्हणाला, "आप्पा, लोक म्हणतील हे जुनं सोनं कोपऱ्यात नेऊन मोजतात. काहीतरी लपवतात. मला दुकान उघडं पाहिजे. सगळं सगळ्यांसमोर. यात चूक काय आहे?"

चूक काहीच नव्हती. मी संदीपच्या बाजूने होतो. माईही होत्या. आप्पा खडू घेऊन उकिडवे बसले आणि दार एक वीत सरकवलं.

गणपती गेले. मिस्त्री रामअवध हा गोरखपूरकडचा माणूस. लाकूड आणून पडलं होतं आणि त्याला बारामतीचं दुसरं काम खुणावत होतं. तो एका सकाळी संदीपबरोबर शिरूरला आला, शहाण्यासारखा दारातून आत आला आणि हात जोडून म्हणाला, "आप्पाजी, आज फायनल बोल दो. परसों मैं उधर चला जाऊँगा, फिर दिवाली के बाद ही आऊँगा."

"जाव ना," आप्पा म्हणाले. "हमने कवा पकडा?"

तेव्हा संदीपचा बांध फुटला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ठीक आहे. मॅडमचा आराखडा फायनल. पाटी लागणार, पडदा लागणार, मोड दाराशीच. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही दौंडला येऊ नका. इथेच बसा. अंगणात दुकान आहेच तुमचं."

माई आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. आप्पांच्या हातात खडू होता. तो त्यांनी खिशात ठेवला. पांढऱ्या सदऱ्याला खडू लागला तरी कळत नाही, हे मला त्या वेळी उगाचच दिसलं.

मग ते म्हणाले, "तुझं समदं कर. मला एक काउंटर दे. बारका. पार आतल्या टोकाला. एक खुर्ची रस्त्याकडं पाठ करून. आन् मला येक काटा दे, येक मशीन दे, त्येचा आकडा फकस्त त्या खुर्चीला दिसंल आसा."

"तिथे कोण येणार आहे, आप्पा? ती मेलेली जागा आहे. तिथे मी झाडाची कुंडी ठेवणार होतो."

"मग कुंडी समज."

रामअवधने लगेच माप टिपून घेतलं. संदीपने मला बाजूला घेऊन सांगितलं की बरं झालं, निदान त्यांचं मन रमेल. मलाही तसंच वाटलं. म्हाताऱ्या माणसाला दुकानात बसायला एक जागा लागते. ती मागताना त्याने सगळ्या गल्लीला महिनोन्महिने वेठीला धरलं, एवढीच माझी तक्रार होती. अंगण धुतलं गेलं. दूधवाला सरळ पायरीकडे जाऊ लागला, तरी काही दिवस त्याचा पाय एका ठिकाणी अडखळायचा.

दसऱ्याला दुकान उघडलं. उद्घाटनाला मी गेलो नाही. रेल्वेच्या एका कामासाठी दौंडला जाणं झालं ते पुढे लग्नसराईत. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून दुकानात गेलो.

दुकान छान झालं होतं. संदीपचं म्हणणं खरं ठरलं होतं. दाराशी पाटीखाली गर्दी होती. दोन तरुण आपली साखळी मोडून मोठी साखळी घेत होते. पडद्यावर आकडा उमटला तसा त्यांनी त्याचा फोटो काढला आणि हसून एकमेकांना कोपर मारलं. मॅडमनी लावलेले दिवे पांढरेही नव्हते, पिवळेही नव्हते. सोनं सोन्यासारखं दिसत होतं.

आप्पा पार आतल्या टोकाला बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर बसलो. त्यांनी चहा मागवला आणि लगेच तक्रारींना सुरुवात केली. खुर्ची करकरते. एसीचा झोत मानेवर येतो. शेजारचा चपलांचा दुकानदार मोठ्याने गाणी लावतो. "तसं बेस हाय," ते म्हणाले, "पन..." आणि थांबले.

ते माझ्या खांद्यावरून बाहेर पाहत होते. मी वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "संपादक, खुर्ची सोडा."

"चहा येतोय ना?"

"हुभ्यानं प्या. सोडा म्हनलं ना."

मी उठलो. दर्शनी काचेपाशी एक बाई उभी होती. पन्नाशीची, स्वच्छ सुती साडी, डोक्यावर पदर. मुंडावळ्या आणि पैंजणांकडे बघत होती, पण बघण्यात लक्ष नव्हतं. मग ती आत आली. पाटीखालच्या काउंटरपाशी तिची पावलं जराशी रेंगाळली. पडद्याकडे तिने पाहिलं. त्या दोन तरुणांकडे पाहिलं. परत फिरणार असं वाटलं.

"या वहिनी, या," आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "बांगड्या बघायच्या म्हनलं हुतं ना तुमी?"

बाई काही म्हणाली असेल असं मला वाटत नाही. तिला क्षणभर कळलंही नाही. मग म्हणाली, "व्हय."

ती मी सोडलेल्या खुर्चीवर बसली. आप्पांनी बांगड्यांचा मोठा, मखमली उभा ट्रे काढून काचेवर ठेवला. त्याच्या आड काटा होता. बाईने कमरेची रुमालाची पुरचुंडी काढली आणि ट्रेच्या मागे सरकवली. माझ्या बाजूने पाटल्यांची एक कड दिसली. जुन्या, वापरून गुळगुळीत झालेल्या.

"संपादक," आप्पा वर न बघता म्हणाले, "बाहेर तुमची गाडी नीट लावलीय का बघून या."

"मी गाडी आणलेली नाही."

"मग न्हाईच हाय का, ते बघून या."

मी बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिलो. रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. चपलांच्या दुकानात दोन बायका भाव करत होत्या. मी वळून काचेतून आत पाहिलं. तिथून एका बाईची पाठ दिसत होती, तिच्यासमोर उजेडात चमकणाऱ्या नव्या बांगड्यांचा ट्रे, आणि एक म्हातारा सराफ एकेक बांगडी वर धरून तिला दाखवतोय. दुसरं काही दिसत नव्हतं. काटा दिसत नव्हता, यंत्र दिसत नव्हतं, बाईचा चेहरा दिसत नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसलं असतं ते एवढंच, की लग्नसराई आहे आणि लग्नघरची खरेदी चाललीय. मी दोन पावलं डावीकडे सरकून पाहिलं, मग उजवीकडे. कुठूनही तेवढंच.

मी आत गेलो. आप्पांचा आवाज चढाच होता. "ही घ्या, ही डिझाईन केडगावच्या पाव्हन्यांनी परवाच न्हेली. न्हाई? मग ही बघा." बोलता बोलता ट्रेच्या आड ते काट्यावरून काहीतरी उतरवत होते, आणि मध्येच आवाज अगदी खाली आणून बाईला दोन शब्द सांगत होते. ते मला ऐकू आले नाहीत. बाईने मान हलवली.

संदीप मोठ्या काउंटरवरून पाहत होता. आप्पांनी त्याच्याकडे नुसती नजर टाकली आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी ट्रेच्या कडेला ठेवली. तो ती उचलून तिजोरीशी गेला, एक पाकीट घेऊन आला आणि काही न विचारता ट्रेखाली सरकवून निघून गेला. जाताना बाईला म्हणाला, "वहिनी, लाल मीनाकारीच्या पण बघा, छान आहेत." हे त्या दोघांत कधी ठरलं, कोणी कोणाला काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं असतं तर आप्पांनी उंदीर सांगितले असते.

आप्पांनी दुकानाची डबी काढली. पाकीट तिच्यात ठेवलं, झाकण लावलं, डबी दुकानाचं नाव छापलेल्या लाल पिशवीत घातली, वर कुंकवाची पुडी टाकली आणि दोन्ही हातांनी पिशवी बाईसमोर धरली. दसऱ्याला हार घेऊन जाणाऱ्याला मिळाली असेल, तशीच पिशवी.

बाई उठली. आप्पाही उठले. गुडघ्यांमुळे ते कोणाला पोहोचवायला उठत नाहीत. तिच्या मागोमाग ते पायरीपर्यंत आले. ती उतरून रस्त्याला लागली, तेव्हा चपलांच्या दुकानातल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सैल वाटल्या तर घिऊन या, वहिनी. घट्ट करून देतो."

बाई थांबली. वळली. लाल पिशवी तिने छातीशी धरली होती आणि दोन्ही मनगटं पदराखाली होती.

"न्हाई आप्पा," तीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "मापाच्या हायेत."